एसी आणि सेप्टिक टँकचं काम स्वस्तातल्या माणसाकडून करून घेतलं तर खरंच काही बिघडतं का?

तुम्ही लिहिलंय की जळगावला घर बांधताय, प्लॉटच्या मागे जुनी विहीर आहे, आणि कंत्राटदार म्हणतो, "टाकी काय, एसी काय, आपली पोरं करून टाकतील, वेगळा माणूस कशाला?" त्यात अठरा हजार वाचताहेत.

मी १४ वर्षं भुसावळ-जळगाव भागात एसी बसवतो. त्यामुळे अर्धं उत्तर धंद्यातलं आहे. उरलेलं अर्धं माझ्याच घराच्या परसातलं, कारण तिथे मीही असेच पैसे वाचवले होते.

आधी एसी. मे महिन्यात ठरलेला फोन येतो: "भाऊ, गॅस संपला, भरून द्या. मागच्या वर्षीही भरला होता." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही हो. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि बहुतेक वेळा गळती फ्लेअरच्या जोडावर सापडते. तांब्याच्या नळीचं तोंड कापायचं, कापताना आतल्या कडेला उठलेली कोर साफ करायची, मग हत्याराने ते फुलासारखं उमलवून नट आवळायचा. कोर काढायचा कंटाळा केला किंवा जोर लावून नट जास्त आवळला, की तोंडाला केसाएवढी चीर जाते. बसवल्याच्या दिवशी ती दिसत नाही, गारवाही मस्त येतो. पुढच्या उन्हाळ्यात कळतं.

दुसरी चोरी व्हॅक्यूमची. नळ्या जोडल्या की आतली हवा आणि ओल पंपाने ओढून घ्यावी लागते. पंधरा-वीस मिनिटं पंप चालवायचा, मग तो बंद करून काटा वर चढतो का ते बघत थांबायचं. घाईतला माणूस पंप आणतच नाही, थोडा गॅस सोडून "हवा काढली" म्हणतो. आत राहिलेल्या हवेचं गॅससारखं द्रव होत नाही, ती नुसती दाब वाढवते. ओल तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरला आतून खातं.

हे पुण्यात कदाचित खपून जाईल, आपल्याकडे खपत नाही. एसीवर लिहिलेले टन बाहेर ३५ अंश धरून मोजलेले असतात. भुसावळला मेमध्ये ४५ म्हणजे नवल नाही. तेव्हा मशीन आधीच कमी थंडावा देतं आणि जास्त वीज ओढतं. त्यात कुणी आउटडोअर युनिट बंद डक्टमध्ये कोंबलं, की ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा गिळत बसतं. मग ग्राहक म्हणतो, कंपनी बोगस आहे. (आजीचं धाब्याचं घर होतं, दोन हात जाड मातीच्या भिंती. तिथे मेच्या दुपारी घोंगडी टाकून झोप लागायची. आता स्लॅबखाली झोपतो आणि बिल भरतो.)

अर्थिंगही आत्ताच बघून घ्या. काळी माती उन्हाळ्यात वाळली की अर्थिंग कमजोर पडतं, नेमकं एसी सगळ्यात जास्त चालतो तेव्हा. त्या खड्ड्यात पाणी घालायची सोय ठेवा. गिझरबद्दल एवढंच: बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर आत खार धरणारच, पण जास्तीचा दाब सोडणारा प्रेशर वाल्व्ह बंद करून ठेवणाऱ्या प्लंबरला घरात घेऊ नका.

आता माझी टाकी. गवंडी ओळखीचा होता. मी दिवसभर लोकांच्या घरी व्हॅक्यूमवर भाषण देत फिरत होतो आणि माझ्या परसात काय चाललंय ते बघायला एकदाही गेलो नाही. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा खणला. गवंड्याने त्यात दोन बादल्या ओतल्या, पाणी भेगांमधून गडप. "बघा, कसं पितंय!" मी खूश. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी त्या पीत होत्या. पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि थेंब जिरत नाही. खरी चाचणी वेगळी असते. आदल्या दिवशी खड्डा पाण्याने भरून माती फुगू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती वेळात किती उतरतं ते मोजायचं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसली. सगळे भाऊबंद, रोटाचं जेवण, घरात चाळीस माणसं. दुपारी संडासाच्या भांड्यात बुडबुडे यायला लागले, संध्याकाळी पाणी वर चढलं. कानबाईसमोर दिवा लावलाय आणि मी मागच्या दारी बांबू घेऊन उभा. थोरल्या काकूने पदर नाकाला लावला, बोलली काही नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उपसा करणारी गाडी आली. झाकण काढलं तर वर सायीसारखा जाड थर, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड बरोब्बर त्या थरात. तिथे टी, म्हणजे T आकाराचा पाइपाचा जोड, हवा होता. टीचं खालचं टोक थराच्या खाली बुडलेलं राहतं, म्हणून मधलं निवळ पाणीच बाहेर पडतं. तो दीड-दोनशे रुपयांचा तुकडा नव्हता, त्यामुळे दीड वर्ष मैला सरळ शोषखड्ड्यात जाऊन त्याची भोकं बुजली होती. शिवाय आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप एकाच पातळीत. बाहेरचा दोनेक इंच खाली हवा. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, "काही होत नाही भाऊ, सगळीकडे असंच करतो." खोटं बोलत नव्हता तो, तेच वाईट आहे. दुरुस्तीला वाचवलेल्याच्या चौपट गेले.

एक सांगतो, बजावून. टाकी तुंबली तर माणूस आत उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून ते काम करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडी बोलवा, आणि तुंबायची वाट न बघता दोन-तीन वर्षांनी बोलवा.

तर अठरा हजार वाचवायचे की नाही, हे मी सांगणार नाही. महागडा माणूसही पंप गाडीतच ठेवतो, हे मी पाहिलंय. मात्र जे काम झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी स्वतः बघा. टाकीवर स्लॅब पडण्याआधी ती काठोकाठ पाण्याने भरायला लावा, पातळीला खडूची खूण करा, दुसऱ्या दिवशी बघा. गवंडी कुरकुर करेल, करू द्या. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही पाइपांच्या टींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एसीवाल्याला दारातच विचारा, पंप आणलाय का. जोडांवर साबणाचा फेस लावून दाखवल्याशिवाय आणि इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडताना बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि त्या विहिरीचं काय? शोषखड्ड्याची जागा तिच्यापासून किती फुटांवर आखलीय, ते टेपने मोजून इथेच लिहा. ६० फुटांच्या आत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी जागाच बदलावी लागेल.