यवतमाळकडच्या खेड्यात राहतो. क्लबच्या रेससाठी आरसी (रिमोटवर उडणारं) विमान टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचं केलं तर चालेल का?

उडायला चालेल, पण रेससाठी पंख ईपीपी फोमचाच (वाकला तरी न तुटणारा लवचिक फोम) करा. थर्माकोल फार तर बॉडीला वापरा. खरा प्रश्न वळणाचा आहे. रेसच्या मार्गावरच्या खांबाला वळसा घालताना उंची न सोडता विमान ६० अंश कललं की पंखावर वजनाच्या दुप्पट भार येतो, ७५ अंशांना जवळजवळ चौपट. थर्माकोल तिथे कडकन मोडतो, ईपीपी वाकून पूर्ववत होतो. शिवाय आपल्याकडे उतरायचं वावरात. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) खुंटावर घासला की थर्माकोलच्या पंखाचे नुसते दाणे दाणे होतात, हे आमच्याकडे दर हंगामात दिसतं. पंखात आरपार कार्बन रॉड टाकाच. तेवढ्याच ताकदीची बांबूची कमची जड होते. थर्माकोलला फेविक्विक किंवा रबर सोल्युशन लावू नका, तो विरघळतो. साधा फेविकॉल बरा, वाळायला वेळ घेतो एवढंच.

एक मात्र आहे: हे जोड हिवाळ्यात ग्लू गनने भागतात, मे महिन्याच्या ४५ अंशांत तो गोंद मऊ पडतो. मोटरचा माउंट तरी एपॉक्सीनेच बसवा.