आयर्लंडच्या कॅथलिक शाळेत पाचवी-सहावी: काय शिकवतात, काय टाळता येतं, काय टळत नाही

तुमचा प्रश्न असा: ऑगस्टमध्ये डब्लिनला यायचं आहे, मुलगी साडेदहा वर्षांची आहे, घराजवळ जागा आहे ती एकाच शाळेत आणि ती कॅथलिक. घरचा धर्म हिंदू. बाप्तिस्म्याशिवाय घेतील का, पाचवी-सहावीत वर्षभर काय शिकवतात आणि त्यात धर्म किती?

घेतील. 2018 च्या प्रवेश कायद्यानंतर कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेश देताना धर्म बघता येत नाही, जागा कमी असल्या तरीही. फॉर्मवर धर्माचा रकाना असला तर खरं ते लिहा, त्यावर प्रवेश ठरत नाही. आणि ‘कॅथलिक शाळा’ म्हणजे खासगी, फी घेणारी मिशनरी शाळा असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसून टाका. इथल्या दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत. शिक्षकांचे पगार सरकार देतं, फी नसते, अभ्यासक्रम सगळीकडे तोच असतो. वेगळा असतो तो फक्त धर्माचा तास, कारण तो शाळेचा ‘पेट्रन’, म्हणजे इथे बिशप, ठरवतो. एज्युकेट टुगेदर किंवा कम्युनिटी नॅशनल स्कूल (कोणत्याही एका धर्माच्या नसलेल्या सरकारी खर्चाच्या शाळा) हे पर्याय जवळपास असतील तर अर्ज जरूर करा, पण निव्वळ त्यासाठी घर दूर घेऊ नका.

धर्माचा तास किती? जुन्या वेळापत्रकात रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्याला अडीच तास. 2023 च्या नव्या आराखड्यात आठवड्याला दोन तास. शाळेचा दिवस 5 तास 40 मिनिटांचा (8:50 ला भरली तर 2:30 ला सुटते), वर्षाला सुमारे 180 दिवस. पुस्तक बहुतेक ठिकाणी ‘ग्रो इन लव्ह’. त्यात श्रद्धा, बायबल, उपासना आणि नीती असे चार धागे असतात, इतर धर्मांची ओळखही असते. मोठ्या वर्गात पाठांतर कमी आणि चर्चा जास्त: माफ करणं म्हणजे काय, गरिबी का असते, वगैरे.

हा तास नाकारण्याचा हक्क आयर्लंडच्या घटनेतच आहे. शिवाय अशा मुलांची सोय काय केली आहे ते शाळेला आपल्या प्रवेश धोरणात लिहावं लागतं आणि त्यापायी मुलाचा शाळेचा दिवस कमी करता येत नाही. प्रत्यक्षात मात्र शाळेकडे जादा शिक्षक नसतो. त्यामुळे ‘ऑप्ट आउट’ केलेलं मूल बहुतेकदा त्याच वर्गात मागे बसून दुसरं काहीतरी करतं आणि समोर चाललेलं सगळं त्याच्या कानांवर पडतच असतं. हे गृहीत धरूनच ठरवा. दप्तरात काही दिलं नाही तर ती अर्धा तास चित्रं रंगवत बसेल. गोष्टीचं पुस्तक किंवा आयरिश शब्दांची वही दिलीत तर तोच वेळ तिला सर्वात उपयोगी पडेल.

इथे पालकांची एक गल्लत हमखास होते. धर्माचा तास एक आणि संस्कारांची, म्हणजे चर्चमधल्या धार्मिक विधींची, तयारी दुसरी. तासाला बसलं म्हणून कुणाचा धर्म बदलत नाही. पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) दुसरीत होतं, दृढीकरण म्हणजे कन्फर्मेशन (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करण्याचा विधी) सहावीत, आणि दोन्हीसाठी आधी बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. चुकून कुणी तुमच्या मुलीला दृढीकरण देऊन टाकेल असं होऊच शकत नाही. म्हणून माझं मत विचाराल तर तासाला बसू द्या, संस्कारांच्या सरावाच्या वेळी वेगळं काम मागा. मुलं इथल्या कथा आणि सण ओळखू लागतात, मैत्री लवकर जमते. तुम्हाला ते पटत नसेल तर पूर्ण नकार द्या, पण जे ठरेल ते मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि दर सप्टेंबरला पुन्हा कळवा. फाटकापाशी बाईंना तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षीच्या शिक्षकापर्यंत पोहोचत नाही, सगळा गोंधळ तिथेच होतो.

तासाबाहेरही वर्षाला कॅथलिक पंचांगाचा रंग असतो. सकाळची आणि डब्याआधीची छोटी प्रार्थना रोजची. मुलीला सांगून ठेवा की शांत उभं राहिलं तरी पुरतं, क्रूसाची खूण करायची गरज नाही. शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडते, मग एखादी वर्षारंभाची मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक उपासना, असते. ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोवीनला आठवडाभर सुट्टी. नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा महिना, मुलं घरातल्या गेलेल्या माणसांची नावं लिहितात. आजोबांचं नाव लिहायला काहीच हरकत नाही. मग आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार: हिरव्या वेलाच्या कड्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी, मधोमध पांढरी, ती नाताळची. 1 फेब्रुवारीला सेंट ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीचा दिवस. पाणथळ जागेतलं लव्हाळं वळून चार हातांचा क्रूस विणतात आणि हे काम मुलांना फार आवडतं. धर्म बाजूला ठेवला तरी हातकाम म्हणून ते करू द्यावं. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावतात. नको असेल तर आदल्या दिवशी डायरीत लिहा, रांगेत उभ्या मुलीने ऐनवेळी काय करायचं हे तिच्यावर सोडू नका. उपवासकाळाचे चाळीस दिवस घरोघरी त्रोकेरा या संस्थेची पुठ्ठ्याची पेटी असते, त्यात परदेशातल्या गरिबांसाठी पैसे टाकायचे. पेटी सर्वांच्या हातात देतात, सक्ती नसते. मे महिन्यात वर्गात येशूची आई मारिया हिची फुलांची वेदी, जूनमध्ये सहावीच्या निरोपाची मिस्सा.

सहावीत वसंतात मात्र दृढीकरण सगळ्यावर पसरतं. पवित्र आत्म्याची सात दानं शिकवतात, मुलं स्वतःसाठी एका संताचं नाव निवडतात, पाठीशी उभं राहायला ‘स्पॉन्सर’ ठरवतात. शेवटच्या काही आठवड्यांत गाण्यांचा सराव आणि चर्चमधल्या तालमी अर्ध्या तासात मावत नाहीत, गणित-इंग्रजीचा वेळही त्यात जातो. बिशप किंवा त्यांनी नेमलेले धर्मगुरू कपाळावर तेल लावतात आणि पुष्कळ मुलं अठरा वर्षांपर्यंत दारू न पिण्याची शपथही घेतात (किती पाळतात तो भाग वेगळा). त्या दिवशी नवे कपडे, नातेवाइकांची पाकिटं, हॉटेलात जेवण. बाप्तिस्मा न झालेल्या मुलीला एकटं वाटतं ते धर्मामुळे नाही, या पाकिटांमुळे. सप्टेंबरमध्येच तिला सांगा आणि त्या आठवड्यांत तिला वर्गात काय काम मिळणार आहे ते शिक्षकांना मार्चच्या आधी विचारा.

वसईकडून किंवा गोव्याकडून येणाऱ्या कॅथलिक घरांसाठी एवढंच: बाप्तिस्म्याचा आणि पहिल्या कम्युनियनचा दाखला चर्चच्या शिक्क्यासह आधीच घेऊन या. दृढीकरणासाठी तो लागतो आणि इथून मागवायला वेळ जातो.

आता खरी अडचण. ती धर्माची नाही, आयरिश भाषेची आहे. आयरिश सक्तीची आहे आणि सूट बाहेरून आलेल्या सगळ्यांना मिळते ही समजूत चुकीची आहे. परदेशातून आलेल्या मुलासाठी नियमाचा गाभा वयाचा आहे: बारा वर्षांपर्यंतचं किंवा प्राथमिकच्या शेवटच्या वर्षापर्यंतचं शिक्षण देशाबाहेर झालेलं आणि आयरिश शिकायची संधी न मिळालेली. साडेदहाव्या वर्षी आलेल्या तुमच्या मुलीला या कारणावर सूट नाही. वर्गातली मुलं पहिल्या दिवसापासून, म्हणजे सहा वर्षं, ही भाषा शिकत आलेली असतात.

पहिल्या वर्षी तिने वर्गाला गाठावं अशी अपेक्षा ठेवू नका. संवादाचे विषय दहाच आहेत: मी, घर, शाळा, खाणं, दूरदर्शन, खरेदी, छंद, कपडे, हवामान आणि सणसमारंभ. दर वर्षी तेच विषय फिरून येतात, फक्त वाक्यं लांबतात. म्हणून प्रत्येक विषयाचे वीस शब्द पाठ झाले की ती वर्गात हरवत नाही. मग तीन काळ (भूत, वर्तमान, भविष्य) आणि अकरा अनियमित क्रियापदं. वाक्यात क्रियापद सर्वात आधी येतं, मराठीच्या बरोबर उलट. आणि वाचताना एक सापळा आहे तो नेमका आपल्या मुलांसाठी: बी-एच दिसलं की मराठी मूल ‘भ’ म्हणतं. आयरिशमध्ये तो ‘व’. एम-एच सुद्धा ‘व’, टी-एच म्हणजे ‘ह’, आणि एफ-एच चा उच्चारच होत नाही. एवढं पहिल्या आठवड्यात तोंडात बसवलं तर पुढचं ओझं निम्मं होतं. स्वरावरची तिरकी रेघ शोभेची नसते, ती राहिली की अर्थ बदलतो. ‘शॉन’ या नावावरची रेघ गाळली तर ‘म्हातारा’ असा शब्द उरतो. ड्युओलिंगो या भाषा शिकायच्या ॲपवर आयरिश आहे, निघायच्या आधी रोज दहा मिनिटं सुरू करा. आणि ‘अन विल क्याद अगम दुल गो डी अन लेहरस?’ हे वाक्य विमानातच पाठ करून घ्या. शौचालयाला जायची परवानगी बहुतेक वर्गांत याच वाक्यात मागायची असते.

गणितात आपली मुलं आकडेमोडीत पुढे असतात, तरी दोन ठिकाणी अडतात. पहिलं संख्यावाचन: इथे लाख-कोटी नाही, स्वल्पविराम दर तीन अंकांनी. 2,50,000 लिहिणारं मूल 250,000 वाचताना थबकतं आणि शाब्दिक उदाहरण तिथेच फसतं. आठ दिवस रोज दहा संख्या मोठ्याने वाचून घ्या. दुसरं, उत्तर बरोबर असूनही ‘कसं काढलंस ते समजाव’ म्हटलं की गप्प बसणं. 2023 च्या गणिताच्या अभ्यासक्रमात तोंडी स्पष्टीकरणाला मोठं स्थान आहे. पाढे बारापर्यंतच. पाचवी-सहावीत दशांश, टक्केवारी, ऋण संख्या, कोन, वर्तुळ, सरासरी आणि शक्यता येतात.

इंग्रजीत प्रकारवार लेखन असतं: अहवाल, कृती, मतप्रदर्शन, गोष्ट. प्रत्येकाची मांडणी वेगळी शिकवतात, निबंध पाठ करून चालत नाही. शुक्रवारी स्पेलिंग आणि पाढ्यांची छोटी चाचणी, रोजच्या गृहपाठाच्या डायरीवर तुमची सही. इतिहासात 1845 पासूनचा बटाट्याचा दुष्काळ, 1916 चा ब्रिटिशांविरुद्धचा उठाव. भूगोलात 32 परगणे (26 प्रजासत्ताकात, 6 उत्तर आयर्लंडमध्ये) नकाशासह. विज्ञान प्रयोग आणि प्रकल्पांतून.

वयात येण्याचा विषयही याच दोन वर्षांत येतो. शाळा आधी पत्र पाठवते, त्याला उत्तर द्या. शरीरातले बदल आणि सहावीत गर्भधारणा हा भाग कॅथलिक शाळाही शिकवतात, आपल्या धोरणाच्या चौकटीत. ‘स्टे सेफ’ हा सुरक्षिततेचा कार्यक्रम वेगळा: नकोसा स्पर्श, दादागिरी, मोठ्यांना सांगणं. दोन्हींतून मूल बाहेर काढता येतं, पण स्टे सेफमधून काढू नका.

सहावीच्या शेवटी, मे-जूनमध्ये, इंग्रजी वाचन आणि गणिताची प्रमाणित चाचणी होते. निकाल 1 ते 10 अशा ‘स्टेन’ गुणांत येतो. सहा म्हणजे साठ टक्के नव्हे. ती देशातल्या त्याच वर्गाच्या मुलांशी तुलना आहे: 5-6 सरासरी, त्यात एक तृतीयांश मुलं बसतात; 7 सरासरीच्या वर; 8 ते 10 मध्ये फक्त एक षष्ठांश. स्टेन 6 बघून मुलीवर रागावणारे पालक पुष्कळ आहेत, विनाकारण.

वर्ग वयावरून ठरतो: पाचवी 10-11, सहावी 11-12. भारतात अमुक इयत्ता झाली म्हणून वरच्या वर्गासाठी हट्ट धरू नका. माध्यमिकच्या पहिल्या वर्गात गेल्यावर येणाऱ्या 1 जानेवारीला बारा पूर्ण असावे लागतात, शिवाय पाचवीचं पूर्ण वर्ष मिळालं तर आयरिशला तेवढा अवधी मिळतो. आणि माध्यमिकचे अर्ज सहावीच्या ऑक्टोबरातच सुरू होतात, म्हणजे सहावी लागून जेमतेम महिना झालेला असताना. तारीख प्रत्येक शाळेच्या प्रवेश सूचनेत असते. ती हुकली की प्रतीक्षायादी.

खर्चाचं: सप्टेंबर 2023 पासून प्राथमिकची पुस्तकं आणि वह्या मोफत आहेत. ‘ऐच्छिक वर्गणी’ची चिठ्ठी येईल, ती खरंच ऐच्छिक असते. गणवेश शाळेचं पत्र हातात आल्यावर घ्या. बहुतेक वर्गांत टिन व्हिसल शिकवतात, सहा भोकांची धातूची बासरी. ती स्वस्त असते, पण डी सुराचीच घ्या. दुसऱ्या सुराची घेतली तर बोटं बरोबर पडूनही तिचा आवाज सगळ्या वर्गापेक्षा वेगळा येईल.