गणपतीच्या शाळेतली लेक आणि हायस्कूलचा वर्ग

पत्र थोडक्यात असं: "आमची कुडाळ तालुक्यात तीन पिढ्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, आहे. मुलगी बारावीला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिने हायस्कुलातल्या नववीच्या मुलांना आठ दिवस मातीकाम शिकवलं. तेव्हापासून म्हणते, शिल्पकला आणि सिरॅमिकची शिक्षिकाच व्हायचंय. तिचा हात चांगला आहे, मग चार वर्षं कॉलेजात कशाला घालवायची? सरकारी नोकरी मिळेल का? तिची आजी तर विचारते, 'मातयेत हात घालून प्वाट भरतला काय?'"

नमस्कार.

आधी आजींच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो रास्त आहे. राज्य मंडळाच्या हायस्कुलांत शिल्पकलेचा वेगळा शिक्षक नसतो. पद असतं ते कलाशिक्षकाचं, म्हणजे आपल्या भाषेत चित्रकलेच्या सरांचं किंवा बाईंचं. त्याला ए.टी.डी., म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, विचारतात. या जागा कमी निघतात, त्यांच्या भरवशावर बसू नका. सीबीएसईत मात्र अकरावी-बारावीला शिल्पकला हा स्वतंत्र विषय घेता येतो. नवोदय आणि केंद्रीय विद्यालयांत कलाशिक्षकाचं पद असतं. तुमच्या जिल्ह्यातलं नवोदय सावंतवाडीजवळ सांगेलीलाच आहे. मुंबई-पुण्यातल्या काही आंतरराष्ट्रीय शाळांत तर स्वतःची भट्टी असते आणि मातीकाम शिकवणारं माणूस त्या मुद्दाम शोधतात. पोट भरेल. पण गावातच हवं आणि सरकारीच हवं असा हट्ट धरलात, तर वाट फार अरुंद होईल.

आता तुमचं ते वाक्य, "हात चांगला आहे, मग कॉलेज कशाला". लेकीला काय काय येतं हे मी जाणतो. शाडू मळणं, साच्यातून काढलेल्या अंगावर सोंड आणि हात चढवणं, लोकांनी आणून ठेवलेल्या पाटांवर मूर्ती बसवणं, कदाचित डोळ्यांची आखणीसुद्धा. हे कुठल्याही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मिळत नाही. पण तुमच्या शाळेतली माती कधी विस्तव बघत नाही. ती पाण्यात विरघळायसाठीच घडवलेली असते. सिरॅमिकची वाट बरोबर उलटी: माती अशी भाजायची की ती पुन्हा चिखल होता कामा नये. तांबड्या मातीला त्यासाठी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअस लागतात, आणि तिथवर नेताना घाई चालत नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका शाळेत मी हे पाहिलं. नववीच्या मुलांनी महिनाभर खपून घरातल्या माणसांची डोकी घडवली होती. शिकवणारे गृहस्थ चांगले शिल्पकार. श्रावणाचे दिवस, कामं वरून सुकलेली दिसत होती, म्हणून भट्टी लावली. थोड्या वेळाने आतून दबके बार ऐकू येऊ लागले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर आत नुसती खापरं. एक मुलगी त्यातून आपल्या आजीचं नथ घातलेलं नाक शोधत होती. कुणावर रागावली नाही, पण त्यानंतर तिने मातीला हात लावला नाही. डोकी आतून भरीव ठेवलेली, त्यातल्या ओलीची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. आतून कोरून भिंत बोटभर जाडीची केली असती, कोकणातला पाऊस धरून आणखी तीन आठवडे थांबले असते, तर ती वाचली असती. तुकडा गालाला लावून बघायचा. थंड लागला तर आत ओल आहे. एवढं त्या सरांना कुणी शिकवलं नव्हतं. मुलांच्या मेहनतीची जबाबदारी घ्यायची, तर हे शिकूनच वर्गात जावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. गणपतीच्या शाळेत कुणाचं चुकलं की मोठी माणसं बोट फिरवून नीट करतात. करावंच लागतं, गिऱ्हाइकाच्या घरचा देव आहे तो. हायस्कूलच्या वर्गात तसं केलं की ते काम त्या मुलाचं राहत नाही. त्याची म्हैस वाकडी असेल, पण ती त्याने बघितलेली म्हैस असते. लेकीला विचारा: त्या आठ दिवसांत मुलांच्या हातातून माती किती वेळा काढून घेतलीस? ती काय सांगते, त्यावरून शिकवण्याचा कल आहे का ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

शिकण्याचा मार्ग सरळ आहे. बारावीनंतर बी.एफ.ए., म्हणजे ललित कलेची पदवी, शिल्पकला घेऊन, चार वर्षं. मुंबईचं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं, तिथे शिल्पकला आणि सिरॅमिक दोन्ही विभाग आहेत. राज्याच्या सी.ई.टी.त वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र काढायला लावतात, माती नसते. त्यामुळे तिचा घरचा हात तिथे कामाला येणार नाही, रोज पेन्सिल चालवावी लागेल. घराजवळ हवं असेल तर चिपळूण तालुक्यात सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट स्वतः जाऊन बघा. शिकवण्याची पदविका पदवीनंतरही करता येईल.

तुम्हाला धीर यावा म्हणून सांगतो, अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक करमरकर गणपती घडवणाऱ्या घरातलेच. तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांचा हात ओळखला आणि त्यांना जे.जे.ला पाठवलं. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच. सासवण्याच्या त्यांच्या घरी शिल्पालय आहे. लेकीला घेऊन जा, आणि जमलं तर आजींनाही न्या.

तोवर यंदा पाट यायला लागले की शाळेतली एक फळी तिला मोकळी ठेवा. त्या नववीच्या मुलांनी घडवलेली कामं, मळ्यातल्या मातीची, तिथे सावलीत सुकू देत. फळीवरची धूळ कोरडी झाडू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. पाऊस सरला की जवळच्या कुंभाराला विचारून त्याच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, लावा. काही फुटतील. ते तुकडे तिने मुलांसोबत बसून उचलावेत आणि कुठे माती जाड राहिली होती ते त्यांना दाखवावं.