प्लेगने माणसं गेली, पण वेठ एका दिवसात सुटली नाही

प्रश्न (एक वाचक, नाशिक): सर, माझी मुलगी अकरावीला आहे. तिच्या नोट्समध्ये लिहिलंय की १३४८ च्या प्लेगनंतर सरंजामशाही संपली, आणि दोन पानं पुढे लिहिलंय की १३८१ मध्ये इंग्लंडचे शेतकरी वेठीविरुद्ध उठले. संपली होती तर उठले कशाला? मला काही सांगता आलं नाही.

उत्तर: मुलीला आधी माझ्याकडून शाबासकी सांगा, तिने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. त्या एका ओळीत दीडशे वर्षं कोंबलेली आहेत, म्हणून घोळ होतो.

आपण इंग्लंडपुरतंच बोलू कारण तिथे गावोगावच्या जुन्या दप्तरांचा साठा भरपूर टिकलाय. साधारण १३०० च्या सुमाराला तिथे माणसं फार आणि जमीन कमी अशी अवस्था होती, त्यामुळे जमीनदार म्हणजे लॉर्ड म्हणेल त्या अटींवर लोक जमीन कसायला तयार असायचे. जो व्हिलन म्हणजे बांधलेला शेतकरी होता त्याने आठवड्यातले काही दिवस लॉर्डच्या शेतात फुकट राबायचं, सुगीला जास्त राबायचं, मुलीचं लग्न करायचं तर लॉर्डला पैसे भरायचे, दळण त्याच्याच गिरणीत, आणि घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर लॉर्डचा माणूस दावं सोडून घेऊन जाणार. विचार करा, घरात मयत झालंय आणि दारात कोणीतरी बैल निवडतोय! लॉर्डने जमिनीवरून हाकललं तरी राजाच्या कोर्टात दाद नाही, कारण निवाडा मॅनर कोर्टात, म्हणजे लॉर्डच्याच जहागिरीतल्या कोर्टात.

१३४८ च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर प्लेग उतरला आणि दीडेक वर्षात देशभर पसरला. तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. आता जमीन पडून आणि कसायला हात नाहीत, म्हणजे मजूर मागेल तो भाव. सरकार किती घाबरलं बघा, साथ चालू असतानाच जून १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये पार्लमेंटने रीतसर कायदा केला की मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच. गवत वाळवायला दिवसाला १ पेनी, पीक कापणाऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ पेन्स आणि दुसऱ्या आठवड्यात ३, वर जेवणखाण काही नाही. न ऐकणाऱ्याचे पाय अडकवायला गावोगाव लाकडी खोडे करायचे, हेसुद्धा कायद्यातच लिहिलेलं. तरीही मजुरी वाढतच गेली, कारण पीक उभं वाळायला लागल्यावर लॉर्ड स्वतःच गुपचूप जास्त द्यायचे, कुणी धान्य द्यायचं कुणी जेवण.

म्हणजे पोटापाण्याची स्थिती बदलली पण कायद्याने माणूस व्हिलनच राहिला, आणि तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. हाताशी आलेलं कोणी कायद्याचा धाक घालून काढून घेतं तेव्हा माणूस पेटतो. १३८१ च्या उठावात पुढे होते त्यातले बरेच जण गावातले कारभारी, पंच अशी थोडी बरी परिस्थिती असलेली माणसं होती. त्यात नवीन डोईपट्टी आली, पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकामागे १२ पेन्स, म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. ३० मेला एसेक्समधल्या ब्रेंटवूडला ठिणगी पडली आणि मग गावागावात लोकांनी मॅनर कोर्टाची दप्तरं बाहेर काढून जाळली. कोण कोणाचा व्हिलन, कोणावर किती वेठ, हे सगळं त्याच चामड्याच्या गुंडाळ्यांत लिहिलेलं होतं, आपल्याला कशाने बांधलंय हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. १४ जूनला लंडनजवळ माइल एंडला चौदा वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डने वेठ रद्द आणि एकराला ४ पेन्स खंड हे मान्य केलं, दुसऱ्या दिवशी लंडनमधल्या स्मिथफिल्डला उठावाचा पुढारी वॉट टायलर मारला गेला आणि २ जुलैला राजाने दिलेल्या सगळ्या सनदा मागे घेतल्या.

मग वेठ गेली कशी? हळूहळू, आणि गंमत म्हणजे त्याच मॅनर कोर्टातून. जाच फार झाला की माणूस बायकापोरांसकट दुसऱ्या गावी निघून जायचा, तिथल्या लॉर्डलाही माणसं हवीच असायची त्यामुळे तो फार चौकशी करायचा नाही. शेवटी लॉर्ड लोक वेठीऐवजी रोख खंड घेऊन जमीन द्यायला लागले, त्याची नोंद जुन्याच दप्तरात व्हायची आणि तिची नक्कल कुळाच्या हातात, आपल्याकडे सातबारा जपून ठेवतात तसा तो कागद घरोघर जपला जायचा. याला कॉपीहोल्ड म्हणायचे. पुढे सोळाव्या शतकात राजाची कोर्टंही तो कागद मानायला लागली, म्हणजे व्हिलनच्या वंशजाला पहिल्यांदा लॉर्डविरुद्ध बाहेर दाद मिळाली. हा खरा मोठा बदल. पण कोर्ट तेच, दप्तर १७३३ पर्यंत लॅटिनमध्येच, आणि मेल्यावर चांगलं जनावर द्यायची प्रथा बऱ्याच ठिकाणी तशीच चालू. व्हिलनपण रद्द करणारा कायदा इंग्लंडमध्ये कधी झालाच नाही, ते वापरातून गेलं. १५७४ मध्येसुद्धा एलिझाबेथ राणीने आपल्या जमिनींवरच्या उरलेल्या बांधील लोकांना पैसे घेऊन मोकळं करायला अधिकारी नेमले होते. आणि कॉपीहोल्ड संपलं १ जानेवारी १९२६ ला!

मुलीला सांगा, उत्तरपत्रिकेत "प्लेगनंतर वेठ खिळखिळी झाली" लिही, "संपली" नको.

प्रश्न (एक वाचक, बेळगाव): माणसं कमी झाली की मजुराला स्वातंत्र्य मिळतं, असा नियम म्हणायचा का?

उत्तर: नाही, अजिबात नाही. जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेला, प्रशिया (जुनं जर्मन राज्य), पोलंड, रशिया या बाजूला बघा. तिथे तर आधीपासूनच जमीन अफाट आणि माणसं विरळ, पण सोळाव्या शतकापासून तिथली वेठ उलट घट्ट होत गेली. पोलंडचं धान्य डान्झिग बंदरातून पश्चिमेला जायचं, त्यात पैसा होता, म्हणून जमीनदारांना फुकटचे हात हवे होते, शहरं कमजोर होती आणि राजे जमीनदारांच्या बाजूने. रशियात १६४९ च्या कायद्याने पळालेल्या कुळाला परत आणायची मुदतच काढून टाकली, म्हणजे कितीही वर्षांनी सापडला तरी परत. प्रशियात सुटकेचा हुकूम निघाला १८०७ मध्ये, रशियात १८६१ मध्ये. माणसांची टंचाई दोन्हीकडे, पण पळून गेलेल्याला आसरा मिळतो की धरून परत आणतात यावर सगळं ठरलं.

प्रश्न (एक वाचक, लंडन): इथे राहतो, त्या काळातलं गाव अजून बघायला मिळतं का?

उत्तर: दोन ठिकाणं जरूर बघा. यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी हे ओस पडलेलं गाव. प्लेगमध्ये गाव संपलं असं खूप जणांना वाटतं पण ते प्लेगमधून तगलं होतं, १५०० च्या आसपास शेवटची कुटुंबं काढून तिथे मेंढ्या सोडल्या कारण लोकरीला भाव होता. पडकं चर्च उभं आहे आणि गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे दिसतात. दुसरं नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन, हे मात्र जिवंत आहे. तीन मोठी सामाईक शेतं, त्यात प्रत्येकाच्या वेगवेगळ्या पट्ट्या, मध्ये कुंपण नाही. नोव्हेंबरच्या शेवटी गावातले पंच शेतात फिरून कोणी शेजाऱ्याच्या किंवा वाटेच्या हद्दीत नांगर घातलाय का ते बघतात आणि पुढच्या आठवड्यात कोर्ट बसून दंड लावतं. शक्य असेल तर त्या सुमारालाच जा.