वांझ, वंध्यत्व आणि ‘फुटायचं इंजेक्शन’

प्रश्न असा आलाय की गावातल्या आरोग्य शिबिराच्या पत्रकात ‘वांझपणावर हॉर्मोनची इंजेक्शनं’ असं छापायचं चाललंय, शिबिर नवरा-बायको दोघांसाठी आहे, तर पुरुषाला वांझपणा चालतो का आणि हॉर्मोनला संप्रेरक म्हणावं का?

वांझपणा पत्रकातून काढाच, कळकळीनं सांगतोय. मूळ संस्कृत वन्ध्य म्हणजे फळ न येणारा, आणि तो तिन्ही लिंगांत चालतो, अमरकोशात ‘वन्ध्योऽफलोऽवकेशी च’ आहे ते तर झाडाबद्दल आहे, चक्क पुल्लिंगी! पण मराठीत आलं ते वन्ध्या हे बाईचं रूप, प्राकृतात वंझा होऊन, आणि मग वांझ, वांझोटी हे सगळं बाईच्याच माथी बसलं. पुरुषाला कुणी वांझ म्हणत नाही, त्याला थेट नपुंसक म्हणून मोकळे होतात आणि तेही चूकच, कारण संबंध न जमणं वेगळं आणि शुक्राणू कमी असणं वेगळं. वंध्यत्व मात्र दोघांनाही लागू पडतं, पुरुष-वंध्यत्व असं सरळ लिहिता येतं.

आता हॉर्मोन. 1905 साली स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रिया-शास्त्रज्ञानं हा शब्द वापरात आणला, ग्रीक मुळाचा अर्थ चेतवणं, हलवणं. संप्रेरकातही प्रेरणाच आहे, त्यामुळे शब्द अगदी चपखल, शाळेच्या पुस्तकामुळे पोरांना माहीतही आहे. विश्वकोशात ‘हॉर्मोने’ असं नपुंसकलिंगी अनेकवचन केलंय ते मला फार आवडतं, पण बोलताना कुणी म्हणत नाही. पत्रकात ‘हॉर्मोनची (संप्रेरकांची) इंजेक्शनं’ लिहा, कळेल.

खरी गंमत दवाखान्यातल्या मराठीत आहे. तिथे अंडं बाहेर पडावं म्हणून देतात त्या एचसीजी नावाच्या हॉर्मोनच्या सुईला ‘फुटायचं इंजेक्शन’ म्हणतात. माझ्या मामेबहिणीला ते दिलं तेव्हा तिनं रात्री फोन करून रडवेल्या आवाजात विचारलं, दादा, अंडं फुटलं म्हणजे वायाच गेलं ना रे? कोंबडीचं अंडं फुटतं तेच डोळ्यापुढे! खरं तर फुटते ती अंड्याभोवतीची पाण्याची पिशवी, म्हणजे पुटिका, आणि अंडं त्यातनं सुटून बाहेर येतं, इंजेक्शननंतर साधारण 36 तासांनी. म्हणून मी ‘अंडं सुटायचं इंजेक्शन’ म्हणतो, एका अक्षराचा फरक आहे पण जीव भांड्यात पडतो.

आणि हेच एचसीजी पुरुषालाही देतात, मेंदूतल्या पोष ग्रंथीकडून (पिट्युटरीकडून) वृषणांना हुकूमच पोचत नसेल तेव्हा, गरज पडली तर जोडीला एफएसएच हे दुसरं हॉर्मोन. तिथे काही फुटतही नाही आणि सुटतही नाही, शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे सुया कित्येक महिने चालतात. हे ‘बायकांचं इंजेक्शन’ म्हणून नवरे लाजतात, तेव्हा पत्रकात मोठ्या अक्षरात लिहा: ‘स्त्री व पुरुष दोघांच्याही वंध्यत्वावर’.