परवाचा लॉट

प्रिय भाचीस,

अ. उ. आ.

कंपनीतून गिऱ्हाइकांना लिहिलेल्या ज्या चार मेल तू मला पाठवल्यास, त्या वाचल्या. 'मामा, इंग्रजी सुधारायला कुठला क्लास लावू?' असं विचारलं आहेस. क्लासचे पैसे वाचव. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. तुझी मेल वाचणारा माणूस कुठे उभा राहून ती वाचतो, हे तू डोळ्यांपुढे आणलेलं नाहीस, एवढीच अडचण आहे.

माझीच फजिती सांगतो. भोसरीत नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. शनिवारी केलेल्या पिनांचा हार्डनेस कमी आला होता. सोमवारी सकाळी मी घाईघाईत चिठ्ठी लिहिली: 'परवाचा लॉट पाठवू नये.' आणि ती डिस्पॅचच्या टेबलावर ठेवली. आपल्या भाषेत 'परवा' मागे जातो आणि पुढेही जातो, हे त्या वेळी मनातसुद्धा आलं नाही. सुपरवायझरने बुधवारी जाणारा चांगला माल बाजूला काढला आणि शनिवारचा खराब माल सोमवारी संध्याकाळी टेम्पोत भरला. बाराशे पिना परत आल्या, वर डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे आमच्या बिलातून कापल्याचा कागद. साहेबांनी आरडाओरडा केला नाही, फक्त चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाले, ''मोठ्याने वाच.'' तेव्हापासून मी 'परवा', 'लवकरच', 'शक्यतो' हे शब्द कामाच्या कागदावर लिहीत नाही. वार, तारीख, लॉट नंबर लिहितो.

आता तुझी पेमेंटची मेल. 'डिअर सर, होप यू आर डुइंग वेल. विथ रेफरन्स टू ट्रेलिंग मेल, काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.' अगं, पण नीडफुल म्हणजे नेमकं काय? तिकडच्या अकाउंट्समधल्या माणसापुढे ढीगभर बिलं पडलेली असतात. त्याने तुझी मेल उघडायची, खाली खाली जात सात जुन्या मेल वाचायच्या, मग तुझं बिल शोधायचं. तो कशाला शोधेल? बंद करेल.

तुझ्या आजोबांची पत्रं आठवतात का? क्षेमकुशल दोन ओळींत उरकलं की लगेच 'पत्रास कारण की'. ते कारण तुझ्या मेलमध्ये नाही. सरकारी पत्रांची आपण थट्टा करतो, पण त्यांच्या डोक्यावर 'विषय' आणि 'संदर्भ' या दोन ओळी असतात, आणि तेवढ्या मात्र उचलण्यासारख्या आहेत. मी असतो तर असं लिहिलं असतं:

विषय: बिल क्र. 214, रु. 1,86,440, देय तारीख 19 जुलै.

'तुमच्या ऑर्डरप्रमाणे 400 बुश 3 जूनला पाठवले. तुमच्या स्टोअरने ते 4 जूनला तपासून घेतले. जीआरएनची (माल मिळाल्याच्या पावतीची) प्रत सोबत आहे. 45 दिवसांची मुदत 19 जुलैला संपते. पेमेंट कोणत्या तारखेला होईल, हे शुक्रवारपर्यंत कळवावे. बिलात काही अडले असेल तर तेही सांगावे, त्याच दिवशी दुरुस्त करून देतो.'

बस. खाली सही, फोन नंबर आणि उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी असलेल्या नोंदीचा नंबर. तो क्रमांक मुद्दाम टाकायचा. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला, तर लेखी करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत; लेखी करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय 2023 च्या अर्थसंकल्पाने आयकरातही गाठ मारली: मुदत उलटून थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही. हे सगळं त्यांच्या अकाउंटंटला पाठ असतं. पहिल्याच पत्रात कलमं काढून वाद ओढवून घेऊ नकोस. नोंदणी क्रमांक दिसला की समजणारा समजतो. तिसऱ्या पत्रात काय लिहायचं ते तेव्हा बघू.

माल उशिरा गेल्याबद्दलची तुझी मेल मला जास्त खटकली. 'डिले हॅज ऑकर्ड.' पाऊस पडावा तसा तुमच्याकडे उशीर पडतो का? आपल्या मराठीतही ही पळवाट आहे. 'कार्यवाही करण्यात येईल' म्हणायचं, म्हणजे कोण करणार हे विचारायची सोयच नाही. तू सरळ लिही: 'प्लेटिंगला माल दोन दिवस अडकला. आमच्याकडून तुम्हाला वेळेत कळवायचं राहिलं. 250 नग मंगळवारी, उरलेले 150 शुक्रवारी पोचतील.' गिऱ्हाईक चिडेल, पण त्याला त्याची लाइन कशी चालवायची ते ठरवता येईल. माफी एकदाच मागायची. चार वेळा मागितली की तारीख खरी वाटत नाही.

तुमचा एक ग्राहक अमेरिकेत आहे म्हणालीस. त्यांना 03/04 लिहू नकोस, ते मार्चची चार तारीख वाचतील. महिना अक्षरात लिही. 'लाख' म्हटलेलं तिकडे कळत नाही, दहा लाखांना मिलियन म्हण. 'आय हॅव अ डाउट' हे आपल्या शाळेतलं वाक्य. तिकडच्या माणसाला तू त्याच्यावर संशय घेते आहेस असं वाटू शकतं. शंका असेल तर सरळ प्रश्न लिही. आणि आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, हे त्यांना कुणी सांगितलंय का?

व्हॉट्सअॅपवर काम चालतं त्याला माझी ना नाही. मशिनपाशी तेलाचे हात असताना ऑपरेटर तुझं लांबलचक पत्र वाचणार नाही, त्याला ड्रॉइंगचा फोटो आणि एक ओळ पुरते. पण ड्रॉइंगची रिव्हिजन, भाव किंवा तारीख फोनवर किंवा ग्रुपवर बदलली, तर दहा मिनिटांच्या आत मेल टाक: 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे...'. समोरच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. सहा महिन्यांनी तिथे दुसराच माणूस बसलेला असतो.

सीसीचं थोडक्यात. साहेबांना सीसीत घालणं म्हणजे भांडणात मोठ्या भावाला बोलावणं. कधीतरी लागतं. तू चारही मेलमध्ये बोलावलं आहेस.

आज रात्री ती पेमेंटची मेल पुन्हा लिही. लिहून झाली की पाठवण्याआधी आईला मोठ्याने वाचून दाखव. तिला बिल-जीआरएन काही कळत नाही, म्हणूनच सांगतो. ऐकून झाल्यावर 'आता त्या माणसाने काय करायचं?' असं तिला विचार. तिला सांगता आलं तर उद्या सकाळी दहाच्या आत पाठव. मला सीसीत ठेवू नकोस.

तुझा मामा