लोकप्रशासनात मास्टर्स करायचं तर काय लागतं आणि स्पेशलायझेशन कोणतं घ्यावं?

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे इंजिनिअर, नर्स, इतिहासाचे विद्यार्थी असे सगळे एकाच वर्गात बसतात, आणि ते फार चांगलं आहे. सोबत गुणपत्रिका, आणि अनेक ठिकाणी शिफारसपत्रं व स्वतःचा हेतू सांगणारा निबंध लागतो. या निबंधावर मनापासून वेळ घाला. ‘मला देशसेवा करायची आहे’ एवढंच लिहू नका, नेमका कोणता प्रश्न तुम्हाला अस्वस्थ करतो ते लिहा.

अमेरिकी पद्धतीच्या एमपीए (मास्टर ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन) अभ्यासक्रमात साधारण ३६ ते ४८ क्रेडिट्स, म्हणजे अभ्यासाचा भार मोजायची एककं, असतात. अर्थसंकल्प, धोरण विश्लेषण, संख्याशास्त्र, मनुष्यबळ आणि प्रशासकीय नीतिमत्ता हे विषय बहुधा सक्तीचे. संख्याशास्त्राला घाबरून अनेकजण मागे फिरतात, तसं करू नका. समजा, पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा तक्ता समोर येतो, एका रकान्यात मंजूर रक्कम, शेजारी प्रत्यक्ष खर्च. दुरुस्तीच्या ओळीत मोठी तफावत का, हे विचारता आलं की निम्मा विषय कळला. शेवटी इंटर्नशिप किंवा प्रकल्प असतो.

स्पेशलायझेशनमध्ये नागरी प्रशासन, सार्वजनिक वित्त, आरोग्य धोरण, स्वयंसेवी संस्थांचं व्यवस्थापन, आपत्ती व्यवस्थापन असे पर्याय दिसतात. अजून ठरलं नसेल तर माझं मत सार्वजनिक वित्ताला. पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो हे ज्याला समजतं, तो कोणत्याही खात्यात उपयोगी पडतो.

एक लक्षात ठेवा: एमए लोकप्रशासन बहुधा सिद्धांताकडे झुकलेलं असतं, एमपीए प्रत्यक्ष कामाकडे. पुढे संशोधन करायचं असेल तर एमए बघा.